शिवेच्या सात दिवसांत लहान मुलांना काय करू द्यावं

नाना गेले तेव्हा माझा भाचा पाच वर्षांचा होता. सकाळपासून आम्ही त्याला आतल्या खोलीत मोबाइल देऊन बसवलं होतं. त्याला काही कळू नये, त्याने काही बघू नये, एवढाच विचार. दफनाहून माणसं परतली, शेजारच्या काकूंनी उकडलेल्या अंड्यांचं पातेलं आणून ठेवलं. शोकात बसलेल्याने आपलं अंडं आपण सोलायचं नाही, दुसऱ्याने सोलून हातात द्यायचं, अशी आमच्या घरची पद्धत. मोठी माणसं फोनवर, दारात, पाण्याच्या पिंपापाशी. भाचा कधी बाहेर आला कोणाला कळलंच नाही. पाहिलं तेव्हा तो आजीच्या पाटाशी मांडी घालून अंडं सोलत होता. निम्मं पांढरं सालीबरोबर निघालं होतं. आजीने ते खड्डे पडलेलं अंडं हातात घेतलं आणि खाल्लं. पहाटेपासून तिने पाण्याचा घोट सोडून काही घेतलं नव्हतं.

पुढचे सहा दिवस मोबाइलची आठवण कोणाला झाली नाही, त्यालाही नाही.

शिवा म्हणजे ज्यू घरात माणूस गेल्यावर पाळायचा सात दिवसांचा शोक. हा लेख आहे तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांत नव्याने आलेल्या सुना-जावयांसाठी, घरातला पहिलाच मृत्यू बघणाऱ्या तरुण आईबापांसाठी, आणि ज्यांच्या शेजारी किंवा मित्राकडे ज्यू घर आहे अशा मराठी माणसांसाठी. रीती घरागणिक बदलतात. अलिबागच्या इस्रायल आळीत चालतं ते ठाण्यात चालेलच असं नाही, आणि इस्राएलमध्ये दिमोना-अश्दोदला गेलेल्या आपल्याच नातेवाइकांकडे आणखी वेगळं. म्हणून जिथे शंका येईल तिथे घरातल्या जाणत्या माणसाला आणि हज्जानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारा. मी सांगते आहे ते लहान मुलांच्या बाजूने.

आधी एक गोष्ट पक्की करा: मूल कोणत्या बाजूला आहे

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे शोक पाळण्याचं बंधन सात नात्यांना असतं: आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, आणि नवरा किंवा बायको. यात नातवंडं नाहीत. शिवाय मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी १२ वर्षांची होईपर्यंत कोणताच विधी त्यांच्यावर बंधनकारक नसतो.

म्हणजे आजी-आजोबा गेले असतील, आणि लहान मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा तोच मृत्यू पहिल्यांदा येतो, तर मूल शिवेला बसलेलं नसतं. ते सांत्वन करणाऱ्यांच्या बाजूला असतं. खेळलं, हसलं, खाली जाऊन सायकल चालवून आलं तर काही मोडत नाही. आणि शोकात बसलेल्यांची सेवा करणं हे त्या बाजूच्या माणसांचंच काम आहे. एवढं एकदा लक्षात आलं की ‘याला कुठे ठेवायचं’ हा प्रश्न निम्मा सुटतो. त्याला पाणी द्यायला ठेवायचं.

शिवा हा शब्द ऐकून शेजारच्यांना महादेव आठवतो, त्याचा संबंध नाही. हिब्रूत शिवा म्हणजे सात. दफनाचा दिवस पहिला धरतात, मग ते दफन दिवस मावळायच्या जरा आधी का झालेलं असेना. सातव्या दिवशी सकाळची प्रार्थना झाली की उठायचं. मंगळवारी दफन झालं तर पुढच्या सोमवारी सकाळी शिवा संपते. भिंतीवरच्या कालनिर्णयात मुलाकडून सात चौकटींवर पेन्सिलने गोल काढून घ्या. ‘अजून किती दिवस?’ हे ते दर तासाला विचारणारच आहे. आता मोजायला काहीतरी समोर असेल.

बातमी सांगताना

आपल्याकडे दफन शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी होतं. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, मध्ये आला तर थांबतात. त्यामुळे वेळ फार कमी असतो. सकाळी आजोबांना टाटा करून शाळेत गेलेलं मूल दुपारी घरी येतं तेव्हा आजोबा नसतात, खाटही उचललेली असते. हे टाळा. शाळेत फोन करून मुलाला आणा, आणि कितीही घाई असली तरी दहा मिनिटं त्याच्यासमोर खाली बसा.

मराठीत मृत्यूला नावं पुष्कळ, आणि लहान मुलासाठी त्यातली बहुतेक निरुपयोगी. ‘देवाघरी गेले’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, परत कधी येणार? ‘झोपले’ म्हटलं की रात्री मूल झोपायला घाबरतं. ‘आपल्याला सोडून गेले’ याचा अर्थ ते आपल्यावर रागावले असाही होतो. ‘वारले’ चार वर्षांच्या मुलाला कळतच नाही. ‘मेले’ म्हणायला आपली जीभ अडखळते, कारण तो शब्द आपण माणसांसाठी फक्त रागात वापरतो. पण मुंगी मेली, टाकीतला मासा मेला, हे मुलाने पाहिलेलं असतं. म्हणून निदान एकदा तो शब्द उच्चारावा लागतो.

मी भाच्याला उशिरा का होईना, असं सांगितलं: ‘नाना मेले. म्हणजे त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत.’ मग लगेच: ‘त्यांचं हृदय म्हातारं झालं होतं आणि खूप दिवस आजारी होतं. तुला ताप येतो तेव्हा तू बरा होतोस, तसं हे नव्हतं.’ हे दुसरं वाक्य विसरू नका. नाहीतर पुढच्या सर्दीला मूल तुमच्याकडे असं काही बघेल की तुमच्या पोटात गोळा येईल.

एक जास्तीचं वाक्य पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ठेवा: ‘तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही.’ या वयात मुलांना वाटतं की आपण नानांचा चष्मा लपवला, आपण ‘जा, मी नाही बोलत’ म्हणालो, म्हणून हे घडलं. ते बोलून दाखवत नाहीत. तुम्हीच आधी सांगून टाका.

बातमी कळताच मोठी माणसं ‘बारूख दयान हाएमेथ’ म्हणतात. सत्य न्यायाधीशाची स्तुती असो, असा त्याचा अर्थ. मुलाला अर्थ समजावत बसू नका. आपल्या माणसांत दुःखाची बातमी आली की हे म्हणतात, एवढं पुरे. मुलं ते पटकन उचलतात. आमच्या भाच्याने नंतर घरातला पंखा बंद पडल्यावरही म्हटलं होतं. कोणी रागावलं नाही.

मुलाचा एक माणूस ठरवा

हे सगळ्यात आधी करायचं काम आहे आणि नेमकं हेच राहून जातं. जो स्वतः शिवेला बसणार नाही असा एक मोठा माणूस मुलासाठी नेमा. मावशी, आत्याचे यजमान, शेजारची ताई, कोणीही. त्याचं काम एकच: मूल जिथे आहे तिथे असणं. मूल म्हणालं ‘बाहेर जाऊ या’, तर लगेच उठून बाहेर. ‘पाच मिनिटं थांब’ नाही. आई रडत असते, तिला दर वेळी मुलाकडे बघून डोळे पुसावे लागू नयेत. आणि आई रडताना मुलाने पाहिली तर बिघडत नाही, फक्त त्या वेळी शेजारी कोणीतरी हवं जे म्हणेल, ‘आई रडते आहे कारण ते तिचे बाबा होते. रडून झालं की ती तुला भरवेल.’

कबरस्तानात न्यायचं का

यावर घरात वाद होणार हे धरून चाला. काही बेने इस्राएल कुटुंबांत बायका आणि मुलं दफनाला जात नाहीत, काहींत जातात. जिथे जातात तिथे माझं मत असं: सहाच्या पुढच्या मुलाला विचारा आणि ते म्हणेल तसं करा, पण आधी सगळं सांगून मग विचारा. काही न सांगता ‘येतोस का?’ म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे.

काय सांगायचं? मृतदेह धुऊन पांढऱ्या सुती कफनात गुंडाळलेला असेल, चेहरा दिसणार नाही. जमिनीत खोल खड्डा असेल. पेटीतून खाली सोडतात की नुसत्या कफनात, हे ठिकाणागणिक बदलतं, ते आधी विचारून घ्या आणि मुलाला नेमकं तेच सांगा. इस्राएलमध्ये बहुधा पेटी नसते, कफनातला माणसाचा आकार दिसतो, आणि भारतातून गेलेली नातवंडं तिथे दचकतात. मग माती लोटतात, तिचा आवाज होतो. आवाजाबद्दल नक्की सांगा. दिसतं त्यापेक्षा मुलांना तो आवाज जास्त दिवस आठवतो. कोणाचा तरी सदरा किंवा ओढणी थोडी फाडतील, ती केरिया. आईवडिलांसाठी डाव्या बाजूला, हृदयावर, बाकीच्यांसाठी उजव्या बाजूला. ‘मामाचा शर्ट कोणी फाडला?’ म्हणून मूल घाबरू नये यासाठी हे आधीच माहीत हवं.

माती लोटताना फावडं या हातातून त्या हातात देत नाहीत. ज्याचं झालं तो ते मातीत रोवतो, पुढचा उपटून घेतो. फावडं मुलाला जड जातं. त्याने दोन्ही मुठींत माती घेऊन टाकावी. टाकायची नसेल तर न टाकावी.

प्रश्न येतील आणि ते लाजवणारे असतील. खाली अंधार असेल का? पाऊस पडला तर? शेजारच्या मुलाने आमच्या भाच्याला विचारलं होतं, ‘तुमच्या नानांना कावळा शिवला का?’ त्याच्या आजोबांच्या दहाव्याला तो घाटावर जाऊन आला होता आणि कावळ्यासाठी सगळे कसे ताटकळले हे त्याने रंगवून सांगितलं. भाचा धावत आला, ‘आपला कावळा कुठे आहे?’ मी म्हटलं, ‘आपल्याकडे कावळ्याचं काम नसतं. त्यांच्याकडे दहन करतात, आपण जमिनीत ठेवतो. दोन्हीकडे आजोबा आजोबाच.’ तो म्हणाला, ‘मग आपल्याकडे कोणाची वाट बघतात?’ खरं उत्तर होतं: दहाव्या माणसाची. त्याबद्दल पुढे येतंच.

थोड्या मोठ्या मुलांना कबरस्तानात सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. बेने इस्राएलांची पिढ्यान् पिढ्यांची आठवण अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांची प्रेतं त्यांनी तिथेच पुरली. म्हणजे कोकणातली आपली कहाणीच मुळी एका दफनापासून सुरू होते. नाहीतर तेलाचे घाणे आणि शनिवारची सुट्टी यावरून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव तेवढं मुलांना माहीत असतं.

जे मूल घरी राहील त्याच्यासाठीही काम आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात चांगलं. कबरस्तानातून आलेली माणसं घरात शिरण्याआधी हात धुतात. दारात बादली आणि तांब्या ठेवायचा, आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी ओतायचं. चार वर्षांचं मूलसुद्धा हे करू शकतं. उंबरा भिजतो, भिजू द्या.

घर खाली बसतं

शिवेत शोकात असलेली माणसं जमिनीलगत बसतात. कोकणी घरांत पाट असतातच. चामड्याच्या चपला घालायच्या नाहीत, दाढी करायची नाही. दार दिवसभर उघडं. पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात, त्यामुळे आजी एरवी सगळ्यांच्या वर खुर्चीत असते ती या आठवड्यात मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आलेली असते. मुलं हे ताबडतोब ओळखतात आणि जाऊन चिकटतात. त्यांना ‘आजीला त्रास देऊ नको’ म्हणून उठवू नका. आजीला त्रास होत असेल तर ती सांगेल.

ज्या घरांत तिशाबाव पाळतात, त्या मुलांना जमिनीवर बसण्याचा अर्थ थोडासा ठाऊक असतो. आपण त्याला बिरड्याचा रोजा म्हणतो. जुलै-ऑगस्टात येतो, यरुशलेमचं मंदिर पडल्याचं दुःख करायचं, उपास सोडताना वालाचं बिरडं. ‘आठवतं, त्या दिवशी आपण खाली बसतो? तसंच, पण नानांसाठी’ असं म्हटलं की बरंच समजावून होतं.

पहिलं जेवण घरचं नसतं, शेजाऱ्यांनी किंवा नातेवाइकांनी आणलेलं असतं. अंडी आणि मसूर. दोन्ही गोल, दुःख फिरत फिरत प्रत्येक दाराशी येतं म्हणून. मसुरीबद्दल तालमुदात, म्हणजे धर्मशास्त्राच्या चर्चांच्या आपल्या जुन्या ग्रंथात, आणखी एक गोड कारण आहे: मसुरीला तोंड नसतं, तसं शोकात बसलेल्यालाही बोलायला तोंड नसतं. मुलाच्या तळहातावर मसुरीचे दाणे ठेवून ‘तोंड शोध’ म्हणा. शोधतं. मग पाहुण्यांनी आधी बोलायचं नाही, घरच्या माणसाने तोंड उघडेपर्यंत गप्प बसायचं, हा नियम त्याला वेगळा सांगावा लागत नाही.

आरसे झाकायचे असतात. चादरीचं एक टोक मुलाच्या हातात द्या. ‘आरशात नाना दिसतील म्हणून झाकतात का?’ असं विचारलं तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. या आठवड्यात आपण कसे दिसतो ते कोणी बघायचं नाही, म्हणून. कपाटाच्या दारावरचा आरसा विसरतो, तो मुलांना बरोबर सापडतो.

सात दिवस दिवा तेवत ठेवतात. पेल्यात पाणी, वर खोबरेल किंवा तिळाचं तेल, तरंगती वात. दिवा लावण्याचं काम मोठ्यांचं. मुलाचं काम तेलावर नजर ठेवण्याचं. स्टीलच्या ताटात, वाऱ्यापासून दूर, पण मुलाला टाचा उंच न करता दिसेल अशा उंचीवर ठेवा. ‘तेल खाली गेलं’ अशी वर्दी आमच्याकडे दिवसातून आठ वेळा यायची. आम्ही आठही वेळा उठून बघायचो.

बाकी कामं तुम्हाला सुचतीलच: दारातल्या टोपलीत टोप्या नीट लावणं, प्रार्थनेची पुस्तकं वाटणं आणि जमिनीवर पडलेलं पुस्तक उचलून त्याचं चुंबन घेऊन परत ठेवणं, दानपेटीत नाणं टाकणं. फक्त एक पथ्य पाळा. काम खरं असू दे. मुलाला गुंतवायला म्हणून दिलेलं खोटं काम त्याला दोन मिनिटांत कळतं.

दहावा माणूस आणि कद्दीश

कद्दीश ही शोकातल्या माणसाने म्हणायची प्रार्थना. ती म्हणायला दहा जणांचा मिनयान लागतो. आपल्याकडच्या पद्धतीत १३ वर्षांवरचे पुरुष मोजतात. पेण, अलिबाग, रेवदंडा अशा ठिकाणी आता ज्यू घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, तेव्हा संध्याकाळी सगळ्यांचे डोळे दाराकडे असतात. नऊ झाले, दहावा लोकलमध्ये आहे. भाच्याला मी हेच सांगितलं, आपण याची वाट बघतो.

माणसं एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत. स्तोत्रसंहितेच्या २८व्या स्तोत्रात दहा शब्दांचं एक वचन आहे, एकेका माणसामागे एकेक शब्द म्हणायचा: होशिआ, एथ, अम्मेखा, उबारेख, एथ, नहलाथेखा, उर्एम, वेनस्सेएम, अद, हाओलाम. ‘हाओलाम’ला पोचलो की मिनयान झाला. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे एका दुपारी पाठ होतं. ‘अद’वर अडकलो की एक कमी. रोज संध्याकाळी ही मोजणी मुलाकडे सोपवा. हज्जानही त्याच्याकडे बघायला लागतात.

कद्दीश अरामी भाषेत आहे, त्यात मृत्यूचा शब्दही नाही, सगळी देवाच्या नावाची थोरवी. मध्येच सगळे मिळून म्हणतात, ‘आमेन, येहे शेमे रब्बा मेबाराख.’ पूर्ण कद्दीश नाही आलं तरी हे उत्तर मुलाला येऊ शकतं. त्याहून लहान असेल तर नुसतं ‘आमेन’. तालमुदात एका ठिकाणी चर्चा आहे की लहान मुलाला येणाऱ्या जगात वाटा कधीपासून मिळतो, आणि तिथलं एक उत्तर आहे, ते आमेन म्हणायला लागतं तेव्हापासून. चुकीच्या जागी जोरात आमेन आलं तर हसू दाबू नका, मोठ्यांनाही ते हसू हवं असतं.

आपल्या अझकाराला, म्हणजे गेलेल्याच्या स्मरणाच्या प्रार्थनेला, ताटात फळं, काही भाजलेलं, सुगंधी पाला ठेवून प्रत्येकावर वेगळी बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीचं वाक्य, म्हणतात. आमच्या घरी पाला म्हणजे सब्जा. केळं झाडाचं की जमिनीचं, कुठली बेराखा, यावर मुलं तावातावाने भांडतात. (जमिनीचं.) ताट मांडणं आणि सब्जा सगळ्यांच्या नाकाशी फिरवणं मुलांकडे द्या.

शुक्रवारी सूर्यास्ताआधी चित्र बदलतं. शब्बाथ सात दिवसांत धरला जातो, पण उघड शोक त्या दिवशी करत नाहीत. पाट उचलतात, चांगले कपडे घालतात, किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरची शब्बाथची प्रार्थना, होतं. शनिवारी रात्री परत खाली. मूल यावर चक्रावतं आणि विचारतं, ‘आज दुःख नाही?’ आमची आई म्हणाली, ‘आहे, पण आज शब्बाथ पाहुणा आहे.’ मधे मोठा सण आला तर शिवा तिथेच संपते, हेही मोठ्या मुलांना आधी सांगून ठेवा. त्यांना ती फसवणूक वाटू शकते.

शेजाऱ्यांनो, थोडं तुमच्यासाठी

हे सुतक नव्हे. शिवाशिव नाही. या, दार ढकला, बसा. पायात काय आहे, अंघोळ केली का, याचा हिशोब नाही. डबा आणायचा तर शाकाहारी आणा, फळं आणा. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नकोत, आणि मटणाबरोबर दही-दूध चालत नाही. नारळाच्या दुधाची सोलकढी बिनधास्त. निघताना आमच्याकडे ‘मिन हश्शामाईम तेनुहामू’ म्हणतात, स्वर्गातून तुमचं सांत्वन होवो. तुम्ही मराठीत ‘येतो’ म्हणालात तरी चालेल.

मुलाला भेटताना एक विनंती. ‘आता तू रडायचं नाही हं, शहाणा ना तू’ हे नको. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. नानांची एखादी गोष्ट सांगा, शक्यतो नाना चुकले होते अशी. आमच्याकडे एक जुने शेजारी रोज येऊन नाना कसे उलट्या दिशेच्या लोकलमध्ये बसून कसाऱ्याला पोचले ते सांगायचे, आणि भाचा रोज तेच मागायचा.

आई किंवा वडील गेले असतील तर

इथे सगळं बदलतं. इथे मूल खरोखर शोकातलं माणूस आहे, बंधन असो वा नसो. शास्त्रानेही हे ओळखलंय: लहान मुलावर केरियाची सक्ती नाही, तरी त्याचं वस्त्र फाडावं असं तालमुद सांगतो, दुःखापोटी. कोणता कपडा, हे मुलाला ठरवू द्या. शाळेचा गणवेश नको. आवडता टीशर्टही नको, पुढे पश्चात्ताप होतो. सुरुवातीची चीर मोठ्या माणसाने कात्रीने द्यावी, मुलाने हाताने ओढावी.

आणि कद्दीश. शोकातल्या माणसाने म्हणायचं कद्दीश आज मोठ्यांचं वाटतं, पण त्याचा उगम मुलांत आहे. १३व्या शतकातल्या युरोपातल्या ज्यू ग्रंथांत प्रार्थनेच्या शेवटी अनाथ मुलगा उभा राहून कद्दीश म्हणतो असा उल्लेख येतो. अल्पवयीन मुलाला प्रार्थना चालवता येत नाही, म्हणून शेवटचा एवढा तुकडा त्याच्यासाठी. आजही त्याला ‘कद्दीश याथोम’, पोरक्याचं कद्दीश, म्हणतात. नऊ-दहा वर्षांचं मूल म्हणायला तयार असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून एखाद्या मोठ्याने शब्दाला शब्द लावून म्हणावं. आईवडिलांसाठी ते सहसा ११ महिने चालतं. रोज सिनेगॉगला जाणं मुलावर लादू नका. शब्बाथपुरतं ठेवा, कधी नको म्हणालं तर मोठ्यांनी म्हणावं.

‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बोललंच तर त्या माणसाला चहा द्यायला बाजूला घेऊन जा. आमच्या ओळखीच्या एका घरात हे इतक्या जणांनी म्हटलं की आठ वर्षांच्या मुलाने शाळेच्या फीचे पैसे कुठून आणायचे असं आत्याला विचारलं.

शाळेत वर्गशिक्षिकेला स्वतः जाऊन सांगा, पितृदिनासारख्या कार्यक्रमांची यादीही मागून घ्या. आणि मुलाला विचारा, वर्गात तू सांगणार की बाईंनी सांगायचं?

सातव्या दिवसानंतर

सातव्या दिवशी सकाळी उठल्यावर पुष्कळ घरांत सगळे मिळून इमारतीभोवती किंवा आळीतून एक फेरी मारतात. पुढे मुलाला चालू द्या. मग आरशांवरच्या चादरी त्यानेच काढायच्या.

तिसाव्या दिवसाला श्लोशीम म्हणतात, पुढे वर्षाला अझकारा. तारीख हिब्रू पंचांगाने धरतात. मराठी मुलाला हे समजावणं सोपं, मित्राकडे तिथी असते तशी ही आपली तिथी. मात्र हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मृत्यू दिवस मावळल्यावर झाला असेल तर दुसऱ्या दिवसाची तिथी लागते, तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्यावरची वेळ पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवा आणि हज्जानकडून तिथी काढून घ्या. ज्यांचे नातलग इस्राएलमध्ये आहेत त्यांनी व्हिडिओ कॉल ठरवताना लक्षात ठेवावं, तिथलं घड्याळ हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असतं. शब्बाथला कॉल नको.

कबरेचा दगड काही घरांत लवकर बसवतात, काही घरांत वर्षाने. आपल्याकडच्या जुन्या दगडांवर हिब्रूबरोबर मराठी असतं, त्यामुळे पहिलीतलं मूलही आडनाव जुळवून वाचू शकतं. दिवेकर, पेणकर, नवगावकर, गावंच्या गावं. वाचू द्या, घाई करू नका.

कबरेवर खडा ठेवायची पद्धत बरेच जण पाळतात, आलो होतो याची खूण म्हणून. शंख-शिंपले नकोत, हलके असतात, वाऱ्याने जातात. भाचा अलिबागला गेला की किनाऱ्यावरून नानांसाठी खडे गोळा करतो आणि वर्षभर कुठेकुठे जपून ठेवतो. पँट मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे बघून घ्या.